वर अजून ऊन आहे

पेंढरबोडी, ता. सावली
१२ जून २००५

दामिनी,

तुझं कार्ड पोचलं. वर्ष उलटून गेल्यावर एक कार्ड, आणि त्यावर तीन वाक्यं. ‘मी बरी आहे. हैदराबादला असते. खाली अंधार पडला तरी वर विमानात ऊन असतं.’ खाली पत्ता आणि मागे तुमच्या कंपनीच्या विमानाचं चित्र, शेपटीला नारिंगी रंग. मी अंगणवाडीत दुसऱ्यांच्या पोरांना बोलायला शिकवते आणि माझी पोरगी आईशी एवढंच बोलते. बरं आहे.

उघडं कार्ड. म्हणजे पोस्टमनने आधी स्वतः वाचलं, मग पानठेल्यावर वाचून दाखवलं आणि मग आमच्या दारात आणलं. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष झाल्यापासून नथ्थूभाऊंना प्रत्येक गोष्टीवर निकाल द्यायची सवय लागली आहे. ते कार्डाच्या पाठोपाठच आले. म्हणाले, “खाली अंधार आन् वर ऊन? सूर्य एकच हाय ना? मनसाराम, तुयी पोट्टी शिकून शहाणी झाली का येडी?”

तुझ्या बाबांनी कार्ड हातात घेतलं नाही. “ठेव तिथी कुठी,” म्हणाले आणि जाळं खांद्यावर टाकून बोडीच्या तळ्यावर गेले. मी ते फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर कार्ड आरशाच्या मागे, विमानाचं चित्र बाहेर दिसेल असं खोचलेलं. मी खोचलं नव्हतं, आणि घरात तिसरं माणूस नाही.

तुझा राग कशाचा आहे ते मला ठाऊक आहे. सिंदेवाहीचं ठरलेलं लग्न बाजूला ठेवून तू परीक्षेच्या नावाने नागपूरला गेलीस आणि विमानातली नोकरी घेऊन आलीस. सिंदेवाहीच्या लोकांनी नारळ परत पाठवला. तेवढं झालं असतं तर तुझे बाबा चार महिने फुगून बसले असते आणि मग विसरले असते. पण नेमका त्याच आठवड्यात बोडीचा उपसा आला.

परगावी राहून माणूस आपल्याकडचं विसरतं, म्हणून लिहून ठेवते. उन्हाळ्यात बोडी आटली की सगळं गाव मिळून ती उपसतं. पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, पळसाच्या पानांवर मासळीचे वाटे लागतात, नथ्थूभाऊ तोंडपाठ एकेक नाव पुकारतात आणि ज्याचा तो वाटा उचलतो. जो परगावी असेल त्याचाही वाटा लागतो. तो त्याची आई उचलते आणि तो येईपर्यंत वाळवून ठेवते. बल्लारशाच्या कागद कारखान्यात गेलेल्याचा लागतो, तुरुंगात असलेल्याचाही लागतो. फक्त बापाने ‘मोडा’ म्हटलं तरच तो मोडतो.

नथ्थूभाऊंनी तुझं नाव पुकारलं तेव्हा तू पाळीवर माझ्या शेजारी उभी होतीस. आणि सगळ्या गावासमोर तुझा बाप म्हणाला, “मोडा थो वाटा. उडनाऱ्याले जमिनीवरचा वाटा कायले लागते?”

त्याच संध्याकाळी तू बॅग उचललीस. मी तुला अडवलं नाही, त्यालाही दटावलं नाही. मी मासे खारवत बसले, कारण मे महिन्यात मासळी थांबत नाही.

तर आता मुद्द्याचं. तुझं कार्ड आल्यापासून मी वर बघायला लागले. अंगणवाडीत खिचडी वाढायच्या वेळेला नागपूरकडून एक विमान येतं, बोडीच्या बरोबर वरून जातं आणि खाली तेलंगणाकडे दिसेनासं होतं. ते तुझंच असणार. मी पोरांना सांगितलं, दामिनीताईचं विमान. आता ती घास टाकून अंगणात पळतात आणि हात हलवतात. तुला खालचं काही दिसतं का, ते लिही. आमची बोडी ओळखायची खूण म्हणजे पाळीवरचं एकटं चिंचेचं झाड.

मी तुला ये म्हणत नाही. मी फक्त हालहवाल लिहिते आहे.

आई

२ ऑक्टोबर २००५

दामिनी,

उत्तर नाही, तरी लिहिते. मला सवय आहे. अंगणवाडीतली अर्धी पोरंही उत्तर देत नाहीत.

सध्या शिंगाड्यांचे दिवस आहेत. तुझे बाबा पहाटेपासून डोंग्यात बसून शिंगाडे काढतात आणि मी चूल पेटवून उकडते. बोटांना काटे लागून हात काळे पडले आहेत. तुमच्याकडे प्रवाशांना काय देतात खायला? ठमाबाईने विचारायला सांगितलं आहे. शेजारच्या घरात असून तिला आमच्या चुलीपेक्षा तुझ्या विमानाची जास्त काळजी. “येवढ्या उंचावर पानी तरी देते का वो पिवाले?” असं तिने मला विहिरीवर सर्वांसमोर विचारलं. मी म्हटलं, देतात, दामिनीच देते. खरं की नाही?

गावात मी आता विमानांची जाणकार झाले आहे. ग्रामपंचायतीत पेपर येतो, त्याच्या रविवारच्या पुरवणीत प्रवासाचं एक पान असतं. सरपंच राजकारण वाचतात आणि ते पान मी घरी आणते. रेल्वेच्या भाड्यात विमानप्रवास, अशी बातमी होती. एका कंपनीने तर एक रुपयात तिकीट काढलं आहे म्हणे, पण खाली बारीक अक्षरात करच इतके की माणसाने बैलगाडी करावी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. नागपूरला सगळ्या देशाची विमानं उतरतील असं मोठं विमानतळ करायचं चाललं आहे, असंही आलं होतं. ते ऐकून नथ्थूभाऊंनी विचारलं की तिथे मासळीचा ठेला लावायला परवानगी मिळेल का. सिंगापूरच्या विमानतळात म्हणे झाडं आहेत आणि मासे पोहतात. विमानतळात मासे पोहतात आणि त्यांना कोणी खात नाही, हे पोरांना सांगितलं तर ती म्हणाली, खोटं.

एक गंमत सांगते. महिन्याला पोरांची वजनं करायची असतात ना, ती काट्याला टांगलेली झोळी. पोरं आधी रडून आकांत करायची. आता मी म्हणते, चला, विमानात बसा, पट्टा बांधा. कोणी रडत नाही. उलट सुकरीची पोरगी उतरायलाच तयार नव्हती, तिला बँकॉकला जायचं होतं.

तुझ्या बाबांचं सांगू? विमान आलं की ते डोंगा थांबवतात. वर बघत नाहीत, नुसते थांबतात. मी अंगणवाडीच्या ओट्यावरून पाहते. परवा मात्र त्यांनी डोंगा ढकलायचा बांबू सरळ वर उभा धरला, विमान जाईपर्यंत. नथ्थूभाऊंनी काठावरून विचारलं, “मनसाराम, काय करून राह्यला बे?” तर म्हणाले, “बांबू सुकवून राह्यलो.” सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही.

घरात आम्ही दोघं आणि एक रेडिओ. त्यातला रेडिओच तेवढा बोलतो. संध्याकाळी भाकरी टाकताना माझा हात अजून तिसरी थापतो. मग ती सकाळी कुत्र्याला जाते. हे लिहायचं नव्हतं, पण पेनाने लिहिलेलं खोडलं की पान घाण दिसतं.

आई

७ नोव्हेंबर २००५

दामिनी,

तुझं विमान बंद झालं आहे. आठवडा झाला, एकदाही आलं नाही.

पहिल्या दिवशी पोरं अंगणात उभी राहिली आणि खिचडी निवली. मी म्हटलं, ताईला सुट्टी असेल. दुसऱ्या दिवशी पण तेच म्हटलं. तिसऱ्या दिवशी पोरांनी विचारलं नाही, पण तुझे बाबा डोंगा थांबवून बसले ते दुपार टळेपर्यंत. वर बघत नाहीत म्हटलं होतं ना मी? आता मान मोडेपर्यंत वर बघतात.

मी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. कुठे काही झाल्याची बातमी नाही. मग पुन्हा वाचला. सावलीला जाऊन फोन करावा तर तुझा नंबर नाही, नुसता पत्ता. तुला एक ओळ लिहायला काय होतं गं? एकच. ‘जिवंत आहे’ इतकीच.

काल रात्री जेवताना बाबा म्हणाले, “कुंता, इमान पडलं तं पेपरात येते का लगेच?” मी म्हटलं, येतं. “लहान राह्यलं तं?” मी म्हटलं, लहान असलं तरी येतं. ते पानावरून उठले. भात तसाच.

आज पहाटे, ब्रह्मपुरीला जाळ्याचा धागा आणायला जातो म्हणून गेले. ब्रह्मपुरीला जाताना कोणी धुतलेला सदरा घालत नाही. आणि आता मी आरशात केस विंचरायला गेले तर आरशामागे कार्ड नव्हतं. पत्ता मला पाठ आहे म्हणून हे पत्र तरी लिहिता येतं आहे.

शेवटची जीप येऊन गेली. ते आले नाहीत.

आई

१५ नोव्हेंबर २००५

दामिनी,

ते दुसऱ्या दिवशी आले. नागपूरला गेले होते, सोनेगावच्या विमानतळावर. मला हे सरळ सांगितलं नाही. जाळं विणत विणत चार दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं आणि मी ते जोडून तुला पाठवते आहे.

बस स्टँडवर रात्र काढून सकाळी चालत विमानतळावर पोचले. दारावरच्या शिपायाने तिकीट मागितलं. हे म्हणाले, तिकीट नाई, पोट्टी हाय. त्याने नीटपणे बाजूला उभं केलं. मग हे बाहेरच उभे राहून, तुमच्या कंपनीची नारिंगी रुमालवाली जी मुलगी दिसेल तिच्यापुढे तुझं कार्ड धरायचे. तुझ्या बाबांना तू ओळखतेस. आयुष्यात त्यांनी कोणाला पत्ता विचारलेला नाही, चुकलेल्या रस्त्याने चालत राहतील पण विचारणार नाहीत.

शेवटी एक मुलगी थांबली. ती तिथे सामानाच्या काउंटरवर असते. तिने कार्ड वाचलं, यांना बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. हे म्हणाले, “आमच्या बोडीवरून जाते थे इमान बंद झालं. माया पोरीले काय झालं थेवढंच सांग.” तिने आत जाऊन विचारून आणलं आणि समजावून सांगितलं. सगळ्या कंपन्या वर्षातून दोनदा विमानांच्या वेळा बदलतात, उन्हाळ्याच्या वेगळ्या आणि हिवाळ्याच्या वेगळ्या. दिवाळीच्या सुमारास हिवाळ्याच्या लागतात. विमान पडलेलं नाही, वेळ बदलली आहे. आणि दामिनी नावाची मुलगी हैदराबादला आहे, खुशाल आहे.

मग ती थोडी थांबली आणि म्हणाली, काका, पण दामिनी तुमच्या गावावरून कधी गेलेलीच नाही. ती हैदराबादहून खाली जाते, मदुराई, कोइमतूर. आणि नागपूरहून हैदराबादला जाणारं विमान पण तुमच्या बाजूने जात नाही, ते तिकडून पश्चिमेकडून जातं. तुमच्यावरून जातं ते कोणाचं तरी दुसरंच, इथे उतरतही नाही.

दामिनी, मी विमानांची जाणकार. पानं कापून ठेवणारी. आणि मला इतकं कळलं नाही.

मग तेच म्हणाले, “पाच महिने आपुन दुसऱ्याच्या पोरीले हात हालवून राह्यलो.” मला रडू फुटलं. ते जाळ्याची गाठ दातांनी तोडत म्हणाले, “हालवला तं हालवला. कोनाची तरी पोरगी असनच ना त्याच्यात.”

कार्ड परत आरशामागे आहे. एका कोपऱ्याला हाताचा घाम लागून रंग गेला आहे. त्या मुलीला मी ओळखत नाही, पण ती भेटली तर तिला सांग, पेंढरबोडीत तिचं एक घर आहे. माझी मात्र तुझ्याकडे काही मागणी नाही. खुशाल आहेस, पुरे झालं.

आई

२६ जानेवारी २००६

दामिनी,

पाकीट मिळालं. या वेळी उघडं नव्हतं, त्यामुळे पोस्टमनचा हिरमोड झाला आणि तो ओट्यावरच बसून राहिला.

एक शब्दही नाही! मी पाकीट उलटं केलं, झटकलं, उजेडात धरलं. आत तुमच्या कंपनीचं वेळापत्रकाचं पुस्तक, आणि त्याच्या पानात मिठाच्या दोन बारीक पुड्या. जेवणाबरोबर देत असाल त्या. मुद्दाम घातल्यास की पुस्तकात राहून गेल्या? तुझे बाबा म्हणतात मुद्दाम. मी म्हणते राहून गेल्या. त्यावरून आमचं भांडण झालं आणि कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघं एका विषयावर इतकं बोललो.

म्हणजे त्या मुलीने तुला सांगितलं. म्हणजे तुला कळलं की ते आले होते. हे पुस्तक म्हणजे तू आहेस, असं समजून आम्ही ते वाचतो. इंग्रजी मी लावते. तुझे बाबा आकडे वाचतात आणि बोट ठेवून विचारतात, “आता कुठी असन?” मी सांगते, मदुराईला पोचली असेल. मग ते जाळं घेऊन उठतात. शिंगाडे संपले, धान घरात आलं, आणि आमचं असं चाललं आहे.

आज झेंडावंदनाला पोरांनी कागदाची विमानं उडवली. शेपटी नारिंगी रंगवायला खडू पुरला नाही म्हणून हळद लावली.

आई

१६ एप्रिल २००६

दामिनी,

बोडी आटत आली आहे. मधोमध चिखल दिसतो आणि बगळे पाय न भिजवता उभे राहतात. परवा सोसायटीची बैठक झाली. उपसा चौदा मेला, रविवारी.

हा तिसरा उपसा आहे. पहिल्याला तुझा वाटा मोडला, गेल्या वर्षी तुझं नाव पुकारलंच नाही. तिसऱ्यालाही पुकारलं नाही तर नाव बुडालं. मग तुझ्या पोराबाळांचाही इथे वाटा नाही. हे तू विसरली असशील, आम्हाला विसरता येत नाही.

मोडलेला वाटा परत लागतो, पण त्याची रीत अवघड आहे. ज्याने मोडला त्यानेच सगळ्यांसमोर मागायचा, आणि ज्याचा आहे त्याने स्वतःच्या हाताने उचलायचा. त्यात आईचा हात चालत नाही. सूर्य बुडेपर्यंत उचलला नाही तर वाटा घारींना, आणि पुन्हा कधी मागता येत नाही. म्हणजे तुझ्या बाबांनी मागितला नाही तरी तू बुडालीस, आणि मागितला नि तू आली नाहीस तरी बुडालीस. त्यांनी मागावा म्हणून मी त्यांच्या मागे लागू की गप्प राहू, हे मला एक महिना झाला कळत नाही.

ते काही बोलत नाहीत. पण एक गोष्ट तुला सांगते. तुझा वाटा मोडला त्या दिवसापासून मी माझ्या वाट्यातली मासळी काढून तुझ्यासाठी वाळवते. चोरून. मागच्या कोठीत, धानाच्या ढोलीआड एक मडकं आहे. मी त्यात झिंगे टाकते आणि बारीक मासोळी, कारण मोठी काढली तर यांना कळेल. काल ते मडकं उन्हाला काढलं, तर तळाशी मरळीचे तुकडे. हळद-मीठ लावून निगुतीने वाळवलेले, काटा काढलेले. तू लहानपणी काटा काढल्याशिवाय मरळ खायची नाहीस. मी मरळ एकदाही टाकलेली नाही, दामिनी.

मी मडकं होतं तसं झाकून ठेवलं आणि त्यांना काही बोलले नाही.

वेळा पुन्हा बदलल्या आहेत. तुझं पुस्तक जुनं झालं तरी बाबा तेच वाचतात. खिचडीच्या वेळचं विमान परत येतं. कोणाचं का असेना, पोरं हात हलवतात. तुला ये म्हणायचा माझा हक्क आहे की नाही, मला माहीत नाही. तेव्हा तारीख फक्त कळवते. चौदा मे, रविवार. सावलीहून जीप मिळते.

आई

२० मे २००६

दामिनी,

तू आली नाहीस.

सुट्टी मिळाली नसेल, पत्र उशिरा पोचलं असेल, किंवा तुझं मन झालं नसेल. मला कारण नको. जे झालं ते तुला कळायला हवं म्हणून लिहिते.

नथ्थूभाऊंनी सगळी नावं पुकारली. वाटे उचलले गेले. मग तुझे बाबा चिखलाने भरलेले तसेच पाळीवर चढले. म्हणाले, “नथ्थू, माया पोरीचा वाटा लाव.”

“मोडला कोनं होता?” रीतीप्रमाणे नथ्थूभाऊंनी विचारलं.

“म्या.”

“मागते कोन?”

“म्याच.”

“उचलन कोन?”

तिथे ते वळून सावलीच्या रस्त्याकडे बघायला लागले. मी मागून म्हटलं, “ती.” वाटा लागला. चांगल्या दोन मरळी, रोहू आणि ओंजळभर झिंगे.

लोक घरोघर गेले. तुझे बाबा वाट्याशेजारी बसले. मी अंगणवाडीतली काळी छत्री आणली तर त्यांनी ती मासळीवर धरली आणि स्वतः उन्हात. घारी चिंचेवर येऊन बसल्या होत्या. ते हातात चिखलाची ढेकळं घेऊन होते. रस्त्यावर जीपचा आवाज आला की उठून उभे राहायचे. जीपमधून गावातल्या सुनीलची बायको उतरली. दुसऱ्या जीपमधून खताची पोती उतरली. ते विमान त्याच्या वेळेला वरून गेलं, पण त्या दिवशी त्यांनी वर पाहिलंच नाही, ते सावलीच्या रस्त्याकडे पाहत होते. मी भाकर नेली, ती तशीच राहिली. मी ओलं फडकं नेलं, ते त्यांनी मासळीवर घातलं.

सूर्य चिंचेच्या खाली आला तशी माणसं पुन्हा जमली. सूर्य शेतांमागे गेला. नथ्थूभाऊ आले. वाटा मोडून घारींना टाकायचा तो त्यांनीच टाकायचा. तुझ्या बाबांनी छत्री मिटली आणि मान खाली घालून बाजूला झाले. मी डोळे मिटले, मला ते बघायचं नव्हतं.

नथ्थूभाऊ काही करेनात. मग त्यांनी घसा खाकरला. “मनसाराम,” ते म्हणाले, “पोट्टी कुठी हाय?”

“नोकरीवर.”

“म्हंजे वर हाय का खाली?”

“रविवारी संध्याकाळी मदुराईच्या वाटेनं राह्यते,” तुझे बाबा म्हणाले. “पुस्तकात हाय तसं.”

“म्हंजे वर हाय,” नथ्थूभाऊ म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, बैठकीत निकाल देतात तसे बोलले, “तिनं कार्डात काय लिवलं होतं? खाली अंधार पडला तरी वर ऊन राह्यते. मी तवा हासलो होतो. आता सांगतो, ज्याचा वाटा त्याचा सूर्य. तिचा अजून बुडला नाई. वाटा मोडत नाई.”

कोणीतरी म्हणालं, असं कधी झालं नाही. त्यावर नथ्थूभाऊ भडकले. “मंग? आपल्यातलं कोन उडलं होतं आंधी? मनसाराम, तूच म्हनला होता ना, उडनाऱ्याले जमिनीवरचा वाटा कायले लागते? मंग उडनाऱ्याले जमिनीवरचा सूर्य तरी कायले लागते?”

तुझे बाबा पाळीवर खाली बसले आणि रडले. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. ठमाबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि स्वतःच जास्त रडत होती.

पण मे महिन्यात मासळी थांबत नाही, आणि तुझ्याशिवाय कोणाला ती उचलता येत नाही. तेव्हा यांनी तिथेच, पाळीवर, त्याच पळसाच्या पानांवर ती चिरली आणि खारवली. आधी तुझ्या दोन पुड्या फोडल्या. त्यात एक झिंगाही खारला नसता, बाकीचं मीठ मी घरून नेलं. काल त्यांनी खाट पण पाळीवर नेली. दिवसा मासळी उन्हाला पसरतात, रात्री टोपलीखाली झाकतात. घारी पाहिल्या की शिव्या देतात. त्यांना विचारलं, किती दिवस? तर म्हणाले, “वरचं ऊन सरतवरी.”

मासळी आता वाळली आहे. काटा काढून ठेवला आहे. मृग लागायला थोडे दिवस आहेत आणि पाऊस आला की उघड्या पाळीवर काहीच राखता येणार नाही, ना वाटा ना माणूस. त्यांना खोकला लागला आहे, तो ते माझ्यापासून लपवतात आणि मी तुझ्यापासून लपवणार होते.

आजवर एकाही पत्रात मी तुला ये म्हटलं नाही. मोठेपणा केला. मला मोठेपणा नको, मला तू हवीस. नोकरी सोडून नको, लग्नाला नको, माफी मागायला नको. सावलीच्या जीपमधून उतर, पाळीवर चढ आणि तुझा वाटा उचल. मग हवं तर त्याच जीपने परत जा.

ये.

आई